तिला झोप का लागली नाही, हे आधी विचारा

ताई, तुमचं पत्र चार पानांचं आहे. मुलीला दहावीपासून एमबीबीएसपर्यंत किती गुण पडले ते त्यात आहे. एमडी मेडिसीनच्या दुसऱ्या वर्षातल्या तिच्या सोबत्यांनी पुढचं काय काय ठरवलंय तेही आहे. तिशीच्या आत तिने 'स्वादुपिंडाची दुर्बिणीची डॉक्टर' व्हावं, कारण 'चिरफाड नाही, रात्री-अपरात्री धावपळ नाही, मुलीला झेपेल असं काम', हे तर तुम्ही तीनदा लिहिलंय. मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीत उरकलंय, आणि तेही तक्रार म्हणून. पित्तनलिकेत खडा असेल या संशयावरून एका तरुण बाईची ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून, एक्स-रेखाली पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नलिकेत केली जाणारी प्रक्रिया) झाली, खडा निघाला नाही, दुसऱ्या दिवशी स्वादुपिंडाला सूज आली. 'तेव्हापासून हिला झोप नाही. भित्री आहे, तुम्ही समजवा.'

नाही समजावणार. चार पानांत मला कामाची वाटली ती हीच एक ओळ.

ईआरसीपीनंतर साधारण शंभरातल्या ३ ते १० जणांना स्वादुपिंडाचा दाह होतो. बहुतेकांचा काही दिवसांत निवळतो, थोड्यांचा जिवावर बेततो. गंमत म्हणा की क्रूर चेष्टा, पण ज्याला या तपासणीची गरज सर्वांत कमी, त्यालाच धोका सर्वांत जास्त. वय कमी, त्यात बाई, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढतं ते द्रव्य) नॉर्मल, नलिका फुगलेली नाही, नुसतं पोटात दुखतंय, असा रुग्ण म्हणजे धोक्याची यादीच. तुमच्या मुलीने पाहिलेली बाई बहुधा याच गटातली. नुसता खडा आहे की नाही हे बघायला आज ईआरसीपी करत नाहीत. ते काम एमआरसीपी (नलिकांचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (ईयूएस, दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी) करतं आणि त्यात पॅपिलाला, म्हणजे या नलिका आतड्यात उघडतात त्या उंचवट्याला, हातही लागत नाही. ईआरसीपी उरली आहे उपचारापुरती. तेव्हा मुलीला जे छळतंय ती भीती आहे असं मला वाटत नाही. 'हे करायलाच हवं होतं का?' हा प्रश्न असावा, आणि या शाखेत तो पडणारी माणसं हवीच आहेत.

आता 'चिरफाड नाही' बद्दल. हा गैरसमज तुमच्या एकटीचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ईआरसीपीची दुर्बीण बाजूला बघणारी असते. ती लहान आतड्याच्या दुसऱ्या भागात नेऊन, मागे ओढत सरळ करून पॅपिलासमोर आणायची. तिथल्या बारीकशा तोंडातून ०.०२५ किंवा ०.०३५ इंची गाइडवायर, म्हणजे एक मिलिमीटरहून बारीक तार, घड्याळातल्या अकराच्या दिशेने पित्तनलिकेत सरकवायची. दिशा जराशी चुकली की तार स्वादुपिंडाच्या नलिकेत. पाचपेक्षा जास्त वेळा पॅपिलाला टोचलं, पाच मिनिटं उलटली किंवा स्वादुपिंडाच्या नलिकेत एकापेक्षा जास्त वेळा तार गेली, की युरोपातल्या निकषांनुसार ते 'अवघड कॅन्युलेशन', म्हणजे नलिकेत अवघड शिरकाव. पुन्हा पुन्हा टोचल्याने तोंड सुजतं, रस तुंबतो आणि अन्न पचवणारी विकरं ग्रंथीलाच पचवायला लागतात. मग तोंड रुंद करायला विजेच्या तारेने स्नायू कापतात. ती चिरफाडच आहे, फक्त बाहेरून दिसत नाही. त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, आतड्याला भोक पडू शकतं. दाह टाळण्यासाठी गुदद्वारातून १०० मिलिग्रॅम इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅक द्यायचं, शिरेतून रिंगर लॅक्टेटचं सलाइन भरपूर चालवायचं, आणि धोका जास्त असेल तर स्वादुपिंडाच्या नलिकेत बारीक स्टेंट, म्हणजे ५ फ्रेंच मापाची छोटी नळी, ठेवायची. हा स्टेंट आपोआप पडला का, हे साधारण ५ ते १० दिवसांत एक्स-रे काढून बघायचं, नाहीतर काढून घ्यायचा. हे बघायचं राहून गेलं तर वाचवायला घातलेला स्टेंटच नलिका खराब करतो.

आणि रात्रीचं म्हणाल, तर पित्तनलिकेत पू होऊन रक्तदाब घसरलेला रुग्ण सकाळची वाट बघत नाही.

'मुलीला झेपेल' हे वाक्य तर मी खोडूनच टाकते. किलोच्या किलो वजनाचा शिशाचा एप्रन, गळ्याला थायरॉइड कॉलर, शिशाचा चष्मा, आणि तासन्‌तास उभं राहणं. डोळ्याच्या भिंगाची किरणोत्साराची मर्यादा आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने २०११ मध्ये वर्षाला १५० वरून सरासरी २० मिलिसीव्हर्टवर आणली, ती उगाच नाही. दुर्बिणीची चाकं आणि एलिव्हेटरची (टोकाशी तार उचलणाऱ्या पट्टीची) कळ डाव्या अंगठ्याने चालवायची असते. छोट्या हातांना ते पोचत नाही. हा दोष दुर्बीण बनवणाऱ्यांचा, हातांचा नाही. मुलगी हे सगळं करू शकेल. पण ते हलकं काम आहे म्हणून करेल, हे मात्र होणार नाही.

मार्ग तुम्हाला ठाऊक आहे: नीट-एसएस ही अतिविशेष शाखांची प्रवेश परीक्षा, तीन वर्षांचं डीएम (एमडीनंतरची पदवी), मग ईआरसीपी-ईयूएसची फेलोशिप. अमेरिकेतली एंडोस्कोपी संघटना २०० ईआरसीपी हाताखालून गेल्याशिवाय कौशल्य जोखूही नका म्हणते, आणि तेवढ्याही अनेकांना पुरत नाहीत. फेलोशिप निवडताना संस्थेच्या नावापेक्षा हे विचारावं: आधी कधीच न कापलेल्या पॅपिलावर शिकाऊ डॉक्टरला स्वतः किती संधी मिळते? गुंतागुंतीची नोंद कोण ठेवतं? दुसऱ्या दिवशी रुग्णाला फोन कोण करतं? रक्तस्राव झाला तर रक्तवाहिनी बंद करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि स्वादुपिंडाचा सर्जन त्याच इमारतीत आहेत का? उत्तरं गुळमुळीत आली तर पुढे जावं.

मुलीला मात्र मी दुसरंच सुचवेन. दुर्बीण धरायची की नाही हे आज ठरवूच नये. स्वादुपिंडाच्या आजारात हात चालवण्याइतकंच थांबता येणंही महत्त्वाचं असतं. दाहानंतर साचलेल्या द्रवाला पक्की भिंत यायला साधारण चार आठवडे लागतात. तो द्रव जठरात काढून द्यायला घाईने स्टेंट घातला तर तो पोटाच्या पोकळीत सांडतो. घातलेला रुंद धातूचा स्टेंट तीन-चार आठवड्यांत सीटी करून काढला नाही, तर पोकळी आकसते आणि त्याची कड रक्तवाहिनीला घासते. जुनाट दाहात दुखणं थांबवायला वर्षानुवर्षं स्टेंट बदलत बसण्यापेक्षा काहींना लवकर शस्त्रक्रिया बरी. २०२० च्या नेदरलँड्समधल्या चाचणीत तसंच दिसलं. हे ज्याला ठरवता येतं तो स्वादुपिंडाचा डॉक्टर.

शिवाय दुर्बिणीबाहेरचं कामही कमी नाही, फक्त त्याला दिमाख नाही. जुनाट दाहात वजन उतरत चाललेल्या कितीतरी रुग्णांना विकरांच्या गोळ्या अपुऱ्या मिळतात किंवा रिकाम्या पोटी घ्यायला सांगितल्या जातात. मोठ्या जेवणाला लायपेजची (चरबी पचवणाऱ्या विकराची) ४० ते ५० हजार युनिट लागतात, आणि ती जेवताना घ्यायची असतात. स्वादुपिंड खराब झाल्याने होणारा मधुमेह टाइप २ समजून चालवला जातो. वेदना, पोषण, कर्करोगाची शंका कधी घ्यायची, या सगळ्याला डोकं आणि वेळ देणारा डॉक्टर लागतो.

सध्या तिने एवढंच करावं. पुढचा महिनाभर एंडोस्कोपी रूममध्ये येणाऱ्या प्रत्येक ईआरसीपीच्या मागणीपुढे दोन ओळी लिहाव्यात: यातून उपचारात काय बदलणार, आणि हेच एमआरसीपी किंवा ईयूएसवर कळलं असतं का? वही भरताना हात शिवशिवले, तर तिने ईआरसीपीकडे जावं. प्रश्नांतच रस वाटला, तर डीएम करूनही दुर्बीण मर्यादित ठेवता येते.

ताजा कलममध्ये तुम्ही सिम्युलेटरचा दोन दिवसांचा कोर्स तिला वाढदिवसाची भेट म्हणून द्यायचं म्हटलंय. नको. सिम्युलेटरवर चाकं फिरवायची सवय होते. सुजत जाणारा पॅपिला त्यावर भेटत नाही. आणि न मागितलेली ही भेट तिला ढकलल्यासारखीच वाटेल. तिशीचं गणितही तूर्त बाजूला ठेवा.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्या बाईला ईआरसीपी नेमकी कोणत्या कारणासाठी मागवली होती, हे मला तिला विचारायचंय.