मोठे सेंट : ठशांची ओळख

प्रश्न : माझ्याकडे १८०१ सालचा अमेरिकी तांब्याचा मोठा सेंट आहे. चेहरा पार झिजलाय, साल मात्र वाचता येतं. त्याचा शेल्डन क्रमांक कसा काढायचा?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : चेहरा झिजला म्हणून काही अडत नाही. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चेहऱ्याचा उठाव एका मूळ साच्यावरून घेत, पण अक्षरं आणि अंक कारागीर एकेक करून ठशात, म्हणजे नाणं छापणाऱ्या पोलादी ठोकळ्यात, ठोकत. त्यामुळे अंतरं आणि तिरपेपणा प्रत्येक ठशात वेगळा पडला. विल्यम शेल्डन या अमेरिकी नाणेअभ्यासकाचे क्रमांक (‘एस’ म्हणजे शेल्डन) पुढच्या आणि मागच्या ठशाच्या जोडीला दिलेले आहेत. एकच ठसा दोन क्रमांकांत सापडू शकतो, म्हणून दोन्ही बाजू जुळल्याशिवाय निकाल देऊ नका. १८०१ ला एस-२१३ ते एस-२२४ हे क्रमांक आहेत, आणि काही अतिदुर्मिळ जोड्या त्याबाहेर.

सुरुवात मागच्या बाजूने करा. पानांच्या माळेखालचा अपूर्णांक (सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग) १/१०० आहे, चुकीचा १/००० आहे, की १/००० वर दुरुस्ती करून १/१०० केलाय? १/००० असून माळेला एकच देठ असेल आणि ‘युनायटेड’मधला यू दोन आय शेजारी उभे केल्यासारखा दिसत असेल, तर ती प्रसिद्ध ‘तीन चुकांची’ जोडी, एस-२१९. तसं नसेल तर अपूर्णांकाची रेघ किती लांब, कुठे झुकलेली, आणि पानांची टोकं कोणत्या अक्षराखाली येतात ते टिपा. मग पुढची बाजू : सालाच्या अंकांमधली अंतरं, शेवटचा १ चेहऱ्याखालच्या वस्त्राच्या किती जवळ, ‘लिबर्टी’च्या अक्षरांमधल्या फटी.

भिंग ५ ते ७ पटीचं घ्या. त्याहून मोठ्यात दोन खुणा एकत्र दिसत नाहीत. उजेड एकाच बाजूने, तिरपा. अक्षरांच्या जाडीवर जाऊ नका, झिजेने जाडी बदलते. अंतर अक्षराच्या मध्यापासून धरा. ठशाला तडा गेला की नाण्यावर उंच रेघ येते, ओरखडा खोल असतो. तडा दिसला तर पुरावा भक्कम. न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण नाणं ठसा तडकण्याआधीचंही असू शकतं.

प्रश्न : १८०४ चा सेंट विकत घेताना काय तपासावं?

उत्तर : या सालाची जोडी एकच, एस-२६६, म्हणून पडताळणी सोपी. सालातलं शून्य चिमटीत धरा : पाठीमागे त्याच्यासमोर ‘ऑफ’मधला ओ यायला हवा. चारच्या आडव्या रेघेच्या टोकाला छोटी उभी रेघ हवी. दुसऱ्या सालाचा अंक खरवडून चार केलेला असेल, तर तो भाग सपाट आणि रंगाने वेगळा दिसतो. मागच्या बाजूला अपूर्णांकच नसेल, तर ते १८६० च्या सुमाराचं खासगी पुनर्मुद्रण : १८०३ चा ठसा बदलून १८२० च्या ठशाशी जोडलेलं.

प्रश्न : अक्षरं दिसावीत म्हणून चिंच-लिंबाने घासू का?

उत्तर : मुळीच नाही. आम्लाने वरचा तपकिरी थर जातो, तांबं गुलाबी पडतं, आणि तो थर परत आणता येत नाही. चिकट मळ असेल तर नाणं हवेशीर जागी झायलीन या द्रावकात बुडवून ठेवा आणि मळ मऊ झाल्यावर झाडाचा काटा हलकेच फिरवा. ठसा ओळखायला बहुतेक वेळा एवढंही लागत नाही, दिवा थोडा खाली आणला की पुरतो.