शिल्पातला पक्षी कुठे शोधावा?

प्रश्न : संग्रहालयातील निसर्गप्रेरित शिल्पांच्या दालनात ‘पक्षी’ असे नाव असलेल्या शिल्पात मला पक्षी दिसतच नाही. अशी शिल्पे कशी पाहावीत?

उत्तर : आपली अडचण जुनीच आहे. शिल्पकार ब्रांकुशी यांच्या ‘अवकाशातील पक्षी’ या शिल्पाला पंख वा पिसे नाहीत, म्हणून १९२६ साली अमेरिकी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते धातूची वस्तू ठरवून त्यावर ४० टक्के शुल्क आकारले. न्यायालयाने १९२८ मध्ये ते कलाकृती असल्याचा निर्णय दिला. शिल्पकाराला तेथे पक्ष्याचे शरीर नव्हे, तर उड्डाण घडवायचे होते. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर गारगोट्या, हाडे, शिंपले जमवीत आणि त्यांची वळणे न्याहाळीत; तीच वळणे त्यांच्या शिल्पांत उतरत. त्यामुळे पाटी नंतर वाचावी. आधी शिल्पाभोवती सावकाश फिरून प्रकाश कोठे सरकतो आणि पोकळी कोठे उघडते, हे पाहावे.