उसातल्या घुशी-उंदरांसाठी लांब पल्ल्याची छोटी रायफल कोणती घ्यावी?

दादा, मिरजेकडचा ऊस, उंदीर-घुशी आणि रानडुकरं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून स्पष्टच सांगतो. पॉइंट २२, म्हणजे ०.२२ इंची गोळीची छोटी रायफल, घेऊ नका. ५० मीटरला नेम बसवलेली ही रायफल १०० मीटरला जवळजवळ वीतभर खाली मारते, आडवा वारा असला तर बाजूलाही सरकते. एवढ्यात घूस हुकते. आणि हुकलेली गोळी दीड किलोमीटरच्या पुढंही जाते. आपल्याकडं बांधापलीकडं कोणाची ना कोणाची वस्ती, तोडकऱ्यांच्या खोपी असतातच. काळ्या पाषाणावर आपटली तर कुठं उडेल सांगता येत नाही. परवाना लागतो तो वेगळाच.

तसंही उभ्या उसात २० पावलांपलीकडचं दिसतं कुठं? पॉइंट १७७ ची, म्हणजे ०.१७७ इंची छर्रा हवेच्या दाबानं मारणारी एअर रायफल घ्या. शस्त्र नियम २०१६ प्रमाणं छर्ऱ्याची ताकद (ऊर्जा) २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. बांधावरच्या बिळाजवळ, २०-२५ मीटरवरून, छर्रा मातीत जाईल अशा बेतानं खाली मारा.

रानडुकरावर मात्र यातलं काहीच चालवू नका. नुसतं जखमी होऊन ते माणसावर येतं, शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. नुकसानीचा अर्ज वनविभागाकडं द्या, पंचनामा करून घ्या.