जुन्या गिअरच्या सायकलची चेन घसरते. नुसती चेन बदलावी की मागचे गिअरही?

तुम्ही लिहिलंय की सायकल २००९ सालची आहे, पुढे ३ आणि मागे ६ असे १८ गिअर आहेत, चढावर जोर दिला की मागे चेन घसरते आणि दुकानदार चेन, मागचे गिअर, क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या दातेरी चकत्या) असं सगळंच बदलायला सांगतोय. माझी सायकलही त्याच सुमाराची आणि तशीच आहे. आजवर तिच्या चार चेन झाल्या, मागचं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चकत्यांचा गठ्ठा, एकदा बदललं, क्रँक अजून मूळचाच आहे. तेव्हा हो म्हणण्याआधी चेन मोजून घ्या.

त्यासाठी स्टीलची फूटपट्टी पुरते. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच, म्हणजे चार सूत. पेडल किंचित दाबून वरची बाजू ताठ करा, एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरा आणि तिथून पुढची २४ वी पीन बघा. नव्या चेनची ती पीन नेमकी १२ इंचांवर येते. १२ इंचांच्या पुढे अर्धं सूत गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली, आणि आताच बदललीत तर मागचे दाते बहुतेक वाचतात. पूर्ण एक सूत पुढे गेली असेल तर दातेही गेले असं समजा. आपण ‘चेन ताणली’ म्हणतो, पण कड्यांच्या पट्ट्या काही ताणत नाहीत. तेल आणि धूळ यांचा लेप आत जातो, पिना आणि त्यांच्या बैठका झिजतात, आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी फट वाढत जाते. मग मागचे दातेही त्या लांबलेल्या चेनच्या मापाने झिजतात.

हे मला कात्रजच्या चढावर कळलं. चेन पार झिजली होती. एका दुकानात नवी टाकून घेतली, फ्रीव्हील जुनंच ठेवलं, आणि ते बघायला हवं असं तिथे कोणी सांगितलं नाही. सपाटीवर काहीच जाणवलं नाही. चढावर उभा राहून पेडल मारलं तशी चेन दातावर चढली आणि सटकली, पाय खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला. घरी येऊन दाते नीट बघितले. मोठ्या दोन चकत्यांच्या खाचा वाटीसारख्या गोल होत्या, पण मी रोज वापरायचो त्या मधल्या दोघींचे दाते एका बाजूने खरवडून मांजराच्या नखासारखे झाले होते. नवी चेन अर्ध्या इंचाची आणि दाते लांबलेल्या चेनच्या मापाचे. सगळा भार एकदोन दातांवर येतो आणि चेन वर चढते. तुमची चेनसुद्धा ठरावीक एकदोन गिअरवरच घसरत असेल तर कारण हेच. सगळ्याच गिअरवर घसरत असेल तर आधी केबल आणि एखादी आखडलेली कडी तपासा. पेडल हळूहळू उलटं फिरवा, आखडलेली कडी डिरेलरच्या (मागे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकावरून जाताना उसळी मारते.

मागचे गिअर घेण्याआधी तुमच्याकडे फ्रीव्हील (चाकावर आट्यांनी आवळलेला गठ्ठा) आहे की कॅसेट (चाकावर सरकवून बसवलेला गठ्ठा) ते बघा, कारण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. चाक काढा, लहान चकतीच्या बाजूने बघा आणि चकत्या उलट्या फिरवा. पाना बसायची मधली खाच स्थिर राहिली तर फ्रीव्हील, चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. तुमच्याकडे बहुधा आटे असलेलं फ्रीव्हीलच निघेल. ते पेडल मारून मारून इतकं घट्ट बसतं की हाताने पाना फिरवून सुटत नाही. पाना खाचेत बसवून अ‍ॅक्सलच्या नटने हलकासा धरून ठेवायचा, पाना व्हाइसमध्ये आवळायचा आणि अख्खं चाक गाडीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं. सुटल्याचा आवाज आला की लगेच नट ढिला करा. नवं बसवताना आट्यांना ग्रीस विसरू नका, पुढच्या वेळी तुमचेच हात वाचतील.

मागे ६ असतील तर ६ चंच घ्या. तुमचा शिफ्टर टकटक करत एकेक गिअर बदलणारा असेल तर त्याची पावलं चकत्यांमधल्या अंतरावर बेतलेली असतात. शिवाय ७ चं रुंद असल्याने फ्रेमला घासू शकतं. १४ ते २८ दाते हे नेहमीचं माप. चढासाठी सगळ्यात मोठी चकती ३४ दात्यांची असलेलं घ्यायचा मोह होईल, पण आधी हिशेब करा. पुढे ४८ आणि २८ असतील तर फरक २०, मागे २८ आणि १४ चा फरक १४, मिळून ३४ दाते. मागे ३४ घेतले की बेरीज ४० होते. तेवढी सैल चेन ओढून धरायची आणि एवढी मोठी चकती पेलायची तुमच्या डिरेलरची क्षमता असली तरच घ्या.

चेन ६, ७, ८ गिअरसाठी लिहिलेली घ्या. शिमानोची एचजी४० किंवा केएमसीची झेड७ चालते. साध्या काळ्या सायकलच्या चेनची आतली रुंदी एक सूत, गिअरच्या चेनची पाऊण सूत. साधी चेन शेजारच्या चकतीला घासते. ९ किंवा १० गिअरची महाग चेन चांगली म्हणून कोणी देऊ केली तरी घेऊ नका, ती तुमच्या सायकलसाठी बारीक आहे.

लांबी ठरवताना जुनी चेन शेजारी ठेवून टोकाला टोक लावू नका. ११४ कड्यांची चेन एक टक्का लांबली की अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडतो, म्हणजे एक कडी चुकते. कड्या मोजा आणि तेवढ्याच ठेवा. मागे आधीपेक्षा मोठी चकती घेतलीत तर डिरेलरमधून न ओवता चेन पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून गुंडाळा, टोकं जुळतात तिथून एक इंच जास्त धरा आणि तिथे कापा.

क्रँकचा निर्णय शेवटी. स्वस्त सायकलींत पुढच्या चकत्या रिबिट मारून जोडलेल्या असतात, एकच बदलता येत नाही, म्हणून दुकानदार अख्खा क्रँक सांगतो. नवी चेन टाकल्यावर मधल्या चकतीच्या पुढच्या टोकाला चेन बोटांनी पुढे ओढून बघा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर क्रँक गेला. नाही पडला तर तो राहू द्या, पुढे बघता येईल.

पट्टीवरचा आकडा आणि चेन कोणकोणत्या गिअरवर घसरते ते इथे लिहा, म्हणजे नक्की काय मागवायचं ते सांगतो.