‘फक्त आमच्याकडेच’ या अटीविषयी

चिरंजीव,

एका नव्या व्हिडिओ मंचाने तुला वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम देऊ केली आहे आणि त्या बदल्यात तुझे यंत्रमाग-दुरुस्तीचे व्हिडिओ यापुढे फक्त त्यांच्याकडेच यावेत अशी अट घातली आहे. यूट्यूब सोडावे की नाही, या विचाराने तुझी झोप उडाली आहे हे पत्रातून कळते. माझे उत्तर सरळ आहे. खुशाल जा, मात्र ‘फक्त आमच्याकडेच’ ही अट मान्य करून जाऊ नकोस.

पैसे मोजून कलाकार आणता येतो, याबद्दल वाद नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मिक्सर या थेट प्रक्षेपणाच्या मंचाने निन्जा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गेमरला ट्विच या प्रतिस्पर्धी मंचावरून असेच उचलले होते. प्रेक्षक त्या प्रमाणात मागोमाग गेले नाहीत. २२ जुलै २०२० रोजी मिक्सरच बंद झाले आणि निन्जा ट्विचवर परतला. माणसे खरोखर हलतात ती पायाखालची जमीन गेल्यावर. जून २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा गावोगावचे कलाकार एका रात्रीत उघड्यावर पडले. मोज, जोश असे देशी मंच पुढे आले खरे, पण इन्स्टाग्रामने जुलैत रील्स आणि यूट्यूबने सप्टेंबरात शॉर्ट्स आणले, तेही लोकांच्या फोनमध्ये आधीच असलेल्या ॲपमध्ये. तुझ्या पायाखालची जमीन कुठे गेली आहे?

आता तुझा प्रेक्षक कोण, ते पाहा. आडवा धागा नेणारा धोटा पेटीत पुरता पोहोचत नाही आणि माग धाडकन बंद पडतो, त्यावरचा तुझा व्हिडिओ इचलकरंजीचा किंवा मालेगावचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, पाहतो तो करमणुकीसाठी नव्हे. मालक डोक्यावर उभा असतो, हाताला ग्रीस असते, आणि तो करंगळीने फोनवर बिघाडाचे नाव शोधतो. त्या घटकेला तो नवे ॲप उतरवून, नंबर देऊन, ओटीपीची वाट पाहत बसेल, असे तुला खरेच वाटते? तुझे जुने व्हिडिओ रोज कोणी ना कोणी शोधून काढतो, ही तुझी खरी मिळकत आहे. नव्या मंचाकडे जाहिराती नसतात म्हणून तो ठोक रक्कम देतो. यूट्यूब मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींतून ५५ टक्के वाटा देते, तो आज तुला तुटपुंजा वाटला तरी तो कोणा गुंतवणूकदाराच्या मर्जीवर अवलंबून नाही. नव्या मंचातले गुंतवणूकदाराचे पैसे आटले की तुझी ठोक रक्कमही आटणार. म्हणून पुन्हा सांगतो, अट मान्य करू नकोस.

मी हट्टी आहे, असे तुझी आत्या म्हणेल. सोलापुरात केबलवर स्थानिक कार्यक्रम करत असताना मलाही एका केबलचालकाने ‘फक्त आमच्याकडेच’ म्हणून चांगली रक्कम देऊ केली होती. मी नाही म्हणालो आणि गड्ड्याच्या जत्रेचे चित्रीकरण घेऊन प्रत्येकाच्या दारात गेलो. मुलांच्या शिक्षणाच्या दिवसांत ते पैसे हवे होते, ही खंत अजून आहे, आणि घरात त्यावरून मला अजून ऐकावे लागते. पण ज्यांनी सह्या केल्या त्यांच्या कॅसेट चालकाच्या कपाटात राहिल्या, पुढे धंदा दुसऱ्याने घेतला आणि त्या कुठे गेल्या हे कोणी सांगू शकले नाही. माझ्या कॅसेट माझ्याकडे आहेत. याला हट्ट म्हणायचे असेल तर म्हणोत.

नव्याला विरोध करणारा म्हातारा समजू नकोस. २०१९ मध्ये सुरू झालेला नेब्युला हा व्हिडिओ मंच टिकून आहे, कारण तेथील कलाकारांनी यूट्यूब सोडले नाही. तेथे थोडे अधिक दिले, थोडे आधी दिले, आणि दोन्ही घरे चालू ठेवली. तूही तेच माग. जुने सर्व व्हिडिओ जागच्या जागी राहतील, नवा व्हिडिओ त्यांच्याकडे आठवडाभर आधी येईल, नंतर यूट्यूबवर जाईल, मूळ फाइल आणि हक्क तुझ्याच नावावर राहतील, आणि मंच बंद झाल्यास सर्व बंधने त्याच दिवशी संपतील. हे लेखी द्यायला सांग. त्यांनी नकार दिला तर एवढी घासाघीस कशाला, म्हणून हळवा होऊ नकोस. तुझ्यासारखा माग उघडून दाखवणारा माणूस त्यांना सहज मिळणार नाही.

करारपत्र इंग्रजीत आहे म्हणून शेवटची पाने वाचायची सोडली असशील, तुझी सवय मला ठाऊक आहे. करार मोडल्यास काय, हे तिथेच लिहिलेले असते. सही करण्याआधी ती पाने घेऊन घरी ये. रक्कम वाढवून कशी मागायची, ते तेव्हा बोलू.

तुझा,
काका