सिग्नलला एसी कोमट होतो, कॉम्प्रेसर बदलू का?

प्रश्न: हॅचबॅक सात वर्षं जुनी आहे. हायवेला एसी मस्त गार, पण सिग्नलला थांबलं की कोमट हवा. मागच्या उन्हाळ्यात गॅस भरला होता. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका. काय करू?
- एक वाचक, नागपूर

उत्तर: कॉम्प्रेसरला (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) लगेच हो म्हणू नका. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारा भाग) गार करतो, उभी राहिली की ते सगळं काम एकट्या फॅनवर येतं, म्हणून पहिला संशय तिथेच. एसी लावून बोनेट उघडा आणि फॅन नुसता फिरतोय की जोरात फिरतोय ते बघा (हात लांब ठेवा, तो अचानक चालू होतो). कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्याच्या पत्र्यांत धूळ, किडे, चिखल बसतो, तो साध्या पाईपने धुवा, प्रेशर गन नको, पत्रे वाकतात.

आणि एक फुकटची टेस्ट. एसी कोमट झालेला असतानाच पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाणी सोडा, हवा लगेच गार झाली तर दोष कंडेन्सर-फॅनकडेच, कॉम्प्रेसर बहुतेक ठणठणीत आहे.

फरक नाही पडला तर गेज (गॅसचं प्रेशर मोजणारं मीटर) लावायला सांगा. दोन्ही बाजूंचं (कॉम्प्रेसरमध्ये गॅस येतो ती लो साइड, दाबून बाहेर पडतो ती हाय साइड) प्रेशर पडलेलं म्हणजे गॅस कमी. दोन्ही चढलेलं म्हणजे उष्णता बाहेर जात नाहीये किंवा गॅस जास्त झालाय, आणि अंदाजे भरलेल्या गॅसमुळे अगदी तुमच्यासारखीच तक्रार येते बरं का! लो साइड चढलेली, हाय साइड पडलेली आणि रेस दिली की सुधारतंय, असं असेल तरच कॉम्प्रेसरबद्दल बोलू.

गॅस "दरवर्षी भरायचा असतो" हे मला अजिबात पटत नाही. सिस्टीम बंद असते, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, झपाट्याने कमी झाला म्हणजे लीक आहे, आधी ते शोधा. कॉम्प्रेसरचं ऑइलही गॅससोबतच फिरतं, त्यामुळे कमी गॅसवर गाडी रेटत राहिलात तर चांगला कॉम्प्रेसर खरंच जाईल. लीक काढल्यावर निदान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं) आणि मग गॅस वजनावर, बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, तेवढाच.

केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो, तोही बघून घ्या.

एवढं करून कॉम्प्रेसरच निघाला तर सोबत ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) बदला आणि लाइन फ्लश करून (पाईप आतून धुवून) घ्या, जुन्याचा धातूचा चुरा आत राहिला तर नवा पण खातो.