महिन्याभरात मुलगी शिकायला पुण्याला जाणार आहे. कराटेचा क्लास लावू की पेपर स्प्रे घेऊन देऊ?

महिनाभरच हातात असेल तर कराटे तूर्त राहू द्या. एवढ्यात हाताला वळण लागत नाही, नुसता खोटा धीर येतो. त्यापेक्षा मनगट सोडवून घ्यायची एकच युक्ती घरी पक्की करून घ्या.

कुणी मनगट धरलं की आपण घाबरून हात सरळ मागे ओढतो. चुकतं ते तिथेच. ओढाओढीत ज्याचा जोर जास्त तोच जिंकतो. पकड कच्ची असते ती अंगठा आणि बोटांची टोकं भेटतात तिथे. म्हणून एक पाऊल त्याच्याकडेच टाकायचं, मनगट फिरवून त्याची अरुंद कड त्या फटीसमोर आणायची, आणि आपलं कोपर त्याच्या कोपराकडे रेटत हात झटक्यात बाहेर काढायचा. त्याने दोन्ही हातांनी एकच मनगट धरलं असेल, तर त्याच्या हातांच्या मधून दुसरा हात घालून आपलीच मूठ पकडायची आणि वर ओढायची. रोज वीस वेळा, दोन्ही बाजूंनी. धरणाऱ्याला खरंच आवळायला सांगा. लाडात धरलेला हात कुणीही सोडवतं. सुटल्यावर मारत थांबायचं नाही, माणसं दिसतील तिकडे ओरडत पळायचं.

स्प्रे जरूर द्या, पण पर्सच्या तळाशी पडलेला स्प्रे असून नसल्यासारखा. सामसूम रस्त्यावर तो हातातच हवा. वारा समोरून असेल तर फवारा आपल्याच डोळ्यांत येतो. डबीवरची मुदतही बघा.

फोनचं पॉवर बटण लागोपाठ तीनदा (काही फोनमध्ये पाचदा) दाबलं की 112 या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन लागतो. ही सोय तिच्या फोनमध्ये चालू आहे का, ते सेटिंगमध्ये आजच पाहा.

खरं तर अनोळखी हल्लेखोरापेक्षा ओळखीतला, मागे लागलेला मुलगाच जास्त डोकं खातो. त्याला एकदाच, लेखी, स्पष्ट ‘संपर्क करू नकोस’ कळवायचं. गोड बोलून टाळायचं नाही. नकार दिल्यावरही वारंवार पाठलाग किंवा मेसेज करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. त्याचे मेसेज चिडून डिलीट केले जातात आणि पुरावाच जातो; ते ठेवा. तक्रार द्यायला गेल्यावर हद्द आमची नाही म्हणून पोलीस ठाण्यातून परत पाठवलं, तर ‘झिरो एफआयआर’ (हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद) हा शब्द उच्चारायचा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेऊनच उठायचं.